दोन सामने रेषेबाहेर

माझ्या वयाची माणसं संध्याकाळी बागेतल्या बाकावर जमली की हटकून एक विषय निघतो. हल्लीच्या पोरांना काही बोलायची सोय राहिली नाही! कुठल्याशा क्लबातल्या कोचने एका मुलाच्या अंगावर हात टाकला, मुलाच्या आईने तक्रार केली आणि कोचला काही दिवस घरी बसवलं. झालं, सगळे पेटले. "आमच्या वेळी मास्तर फोडून काढायचे, म्हणून तर आम्ही घडलो." यावर सगळ्यांच्या माना डोलतात. माझी डोलत नाही. माझं डोकं फिरतं. घडलात म्हणजे काय झालात हो? पेन्शन खाऊन बाकावर बसलात. मीही बसले. त्यात मास्तरांच्या छडीचा काय संबंध?

मला म्हणतात, तुम्हाला शिस्तीचं वावडं आहे. मला! ठाण्याच्या मैदानात ज्या सरांच्या हाताखाली मी खो-खो खेळले, त्यांची शिस्त यांतल्या एकालाही आठवडाभर झेपली नसती. शिस्त मला ठाऊक आहे, आणि थप्पडही ठाऊक आहे. दोन्ही एकाच माणसाकडून मिळाल्या, म्हणून दोन्हींतला फरक मला चांगला कळतो.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. ठाण्यात आमच्या भागात तळ्याच्या मागे एक मंडळ होतं. मुलांसाठी तालीम, मल्लखांब, हुतूतू, सगळं. मुलींसाठी काही नाही. मुलींनी संक्रांतीला हळदीकुंकवाची ताटं फिरवायची. त्या मंडळात मुलींचा खो-खो सुरू केला तो सरांनी. सर मुंबईच्या एका कचेरीत कारकून होते. संध्याकाळी घरी येऊन खाकी अर्धी विजार चढवायचे की थेट मैदानात. मुलींनी भर मैदानात धावायचं, म्हणजे लोक काय म्हणतील, असं मंडळातले सगळे म्हणत होते. सर एकटे भांडले. घरोघरी जाऊन त्यांनी आमच्या वडलांना पटवलं. माझ्या बाबांना तर चार वेळा. सर नसते तर मी कधी धावलेच नसते, हे मी आजही कोणासमोरही सांगेन.

आणि शिकवायचे काय सुंदर! खांबाजवळ पाय कुठे टाकायचा, पाठलाग करणारीला खांद्याने कसं फसवायचं, बसलेल्या मुलींच्या मधून साखळी कशी काढायची, सगळं स्वतः पळून दाखवायचे. पळताना माझा श्वास एकदा जरी चुकला तरी ते दहा पावलांवरून ओळखायचे.

पण राग! देवा रे. सरांना राग आला की मानेची शीर तटतटायची आणि कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मग शिट्टी भिरकावली जायची, एकदा तर पायातली चप्पल तळ्याच्या दिशेने गेली ती परत मिळालीच नाही, घरी अनवाणी गेले. हातात चिंचेची फोक असायची. बसायला चुकली की पोटरीवर सप्पकन. आम्हाला त्याचं काय वाटायचं म्हणता? अभिमान वाटायचा! पोटरीवरचा वळ आम्ही घरी लपवायचो आणि मैदानावर मिरवायचो. वेडेपणा होता तो, पण होता.

सरांचा एक कायदा मात्र मला फार आवडायचा. उशिरा आलात, पंचांशी हुज्जत घातलीत, चिडून कोणाला ढकललंत, की दोन सामने रेषेबाहेर. म्हणजे फक्कीने आखलेल्या रेषेच्या बाहेर मांडी घालून बसायचं, तोंड मिटून बघायचं. कितीही चांगली खेळाडू असो, सूट नाही. आमची कप्तानसुद्धा एकदा बसली होती. एका मुलीने तिची वेणी ओढली म्हणून तिने तिला धक्का दिला होता. ती नसल्यामुळे आम्ही दोन्ही सामने हरलो, तरी सर बधले नाहीत. "राग ज्याच्या ताब्यात नाही, त्याला मैदानात जागा नाही," म्हणाले. आम्ही सगळ्या मान हलवून हो म्हणालो.

कप्तानाबद्दल सांगायला हवं. ती कोलशेतची, आगरी घरातली. खाडीकाठी तिच्या वडलांचं मिठागर होतं, भातशेती होती. तिच्या गावातून शाळेसाठी ठाण्याला आलेली ती पहिली मुलगी. खोपटला मामाकडे राहायची. उंच, काळीसावळी, आणि पळायला लागली की वाऱ्याला मागे टाकेल अशी. बोलायची तिच्या घरच्या बोलीत, आणि आमच्या गल्लीतल्या कोणी त्यावर हसलं तर त्याची अशी हजेरी घ्यायची की पुन्हा हसायचं धाडस व्हायचं नाही. माझी तिच्याशी गट्टी होती, म्हणजे रोज भांडण होतं.

तर त्या वर्षी आमचा सामना कल्याणच्या मुलींशी होता, त्यांच्याच मैदानात. लोकांनी ही गर्दी केलेली. बायका गच्च्यांवर, पोरं झाडांवर. पोरी खेळतात म्हणजे काय करतात, तेच बघायला निम्मे आले असावेत. आम्ही साड्यांचे काष्टे घट्ट मारून तयार. सामना असा रंगला की शेवटच्या डावात पळायला मी एकटी उरले. शिट्टी होईपर्यंत टिकले तर बरोबरी, बाद झाले तर कल्याणच्या मुली जिंकल्या.

मी टिकत होते. खरंच टिकत होते! एका ओळीत बसलेल्या मुलींच्या मधून साखळी काढत मी सळसळत चाललेले, मागे त्यांची सगळ्यात तेज पोरगी. तेवढ्यात वळताना माझा पाय बसलेल्या एका मुलीच्या गुडघ्याला लागला.

आणि मी थांबले. वाकले, तिच्या गुडघ्याला हात लावला आणि तो छातीशी नेऊन नमस्कार केला.

हसू नका. आपल्याकडे कोणाला पाय लागला तर दुसरं काय करतात? पुस्तकाला लागला तरी करतात. आईने मला चालायला शिकवलं तेव्हापासून हे शिकवलेलं. मी विचार करून केलं नाही, हातच गेला. ती कल्याणची मुलगीही तशीच घरची. तिने खाली बसल्या बसल्या मला सांगितलं, "असू दे गं." आणि ती असू दे म्हणतेय तोवर मागचीने माझ्या पाठीवर धपकन हात मारला. बाद.

क्षणभर कोणाला कळलंच नाही काय झालं ते. मग गच्चीवरच्या बायका हसायला लागल्या. कल्याणच्या मुलीही हसत होत्या आणि मला स्वतःलासुद्धा हसू येत होतं. सर रेषा ओलांडून आत येताना दिसले. मला वाटलं, काय ग वेडे, म्हणून डोक्यावर टपली मारतील.

खाडकन आवाज झाला. डावा कान बधिर झाला, आणि सरांचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा आला. "मैदान आहे हे, देऊळ नाही!"

हसणं थांबलं. पंच आपल्या शिट्टीची दोरी नीट करत बसले. कोणी म्हणजे कोणी पुढे आलं नाही. एवढी माणसं होती, त्यांत बाप होते, काका होते, कोणाचे मास्तर होते. सगळे मूग गिळून उभे. मी रडले नाही. गालावर हात ठेवायचीसुद्धा लाज वाटली, म्हणून हात खाली धरून तशीच चालत रेषेबाहेर गेले.

परत येताना कल्याण स्टेशनावर सर खाऱ्या दाण्यांच्या पुड्या घेऊन आले. हरलो तरी ते काहीतरी खाऊ द्यायचेच. सगळ्यांना वाटत वाटत माझ्यापाशी आले आणि हसून म्हणाले, "घे गं. माझा राग म्हणजे काय, आला तसा गेला."

मी म्हटलं, "तुमचा गेला सर. माझा नाही."

कप्तानाने मला मागून असा चिमटा काढला की मी कळवळले. पण पुडी घेतली नाही. सर थोडा वेळ हात पुढे करून उभे राहिले, मग ती पुडी त्यांनी शेजारच्या मुलीला दिली.

घरी आईने दारातच विचारलं, गालाला काय झालं? मी सांगितलं. आई तशीच उभी राहिली. "पाय लागल्यावर पोर नमस्कार करणार नाही तर काय करेल?" ती म्हणाली. "मीच शिकवलंय तिला. मग मला मारा म्हणावं!" बाबा खुर्चीतून उठले. मला वाटलं आता चप्पल घालून सरांकडे जातात. त्यांनी चप्पल घातली नाही. त्यांनी मला विचारलं, "पण तू थांबलीस कशाला?"

त्या प्रश्नाने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. थप्पड मी खाल्ली, आणि जाब मीच द्यायचा! मग बाबा खिडकीकडे बघत म्हणाले की भर मैदानात परक्या पुरुषाने मुलीवर हात टाकला, ही शोभा झाली, आता उद्यापासून खेळायला जायचं नाही. म्हणजे मार मी खायचा आणि घरीही मीच बसायचं. बाबा वाईट नव्हते हो. साधे, सरळ, कचेरीत कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण चिडायचं कोणावर, एवढंसुद्धा त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आणखी दोन-तीन घरांनी मुलींना खेळापासून थांबवलं. मग मंडळात चर्चा सुरू झाली. चर्चा कशाची? सरांचं काय करायचं याची नाही. मुलींच्या खेळाचं काय करायचं याची! मंडळाचे अध्यक्ष एक वकील होते, आम्ही त्यांना वकीलसाहेब म्हणायचो. गोड बोलायचे. त्यांनी असा तोडगा काढला की सर हाडाचे शिक्षक आहेत, त्यांचा राग म्हणजे तळमळ आहे, पण मुलींमुळे नसता बोभाटा होतो. तेव्हा मुलींचा विभागच बंद करावा आणि सरांना मुलांचे संघ द्यावेत. म्हणजे ज्याने मारलं त्याला बढती, आणि जिला मारलं तिच्यासकट सगळ्या घरी. वा रे न्याय! रविवारी सकाळी बैठक ठरली. मला नि कप्तानाला आपल्या माणसांबरोबर हजर राहायचा निरोप आला.

आदल्या दिवशी दुपारी कप्तान मागच्या दाराने आमच्याकडे आली. मी तांदूळ निवडत बसले होते. ती समोर उकिडवी बसली नि माझ्या ताटातले खडे काढायला लागली. मग म्हणाली, "उद्या सांग ना, चापट हलकी होती म्हनून."

"हलकी नव्हती."

"मना काय सांगतीस, मी नाय बघली? पन तू हलकी बोललीस तं मिटंल. वकीलसाहेब बोलला माज्या मामाला. पोरीचीच तक्रार नाय तं इभाग बंद कराचा प्रश्न नाय."

"आणि सर?"

"सर हायेत तसं ऱ्हातील. काय गो, तू तरी काय मोठी फुलासारखी हायेस? पोटरीवर फोक खाल्लीस तवा नाय बोललीस."

ते मला लागलं, कारण खरं होतं. मी ताट बाजूला सारलं. म्हटलं, तेव्हा बोलायला हवं होतं, नाही बोलले, म्हणून आताही गप्प बसू? तिने माझं मनगट धरलं. तेव्हा तिने मला सांगितलं की घरी तिचं लग्न ठरलंय. पावसाळा संपला, भात कापून झालं की लग्न. बापाच्या हातापाया पडून तिने एवढा हंगाम खेळायची परवानगी घेतली होती. यापुढे काही नाही. चूल, शेत, मिठागर.

"मना एवढा येक हंगाम खेलू दे गो," ती म्हणाली. "तुजं काय, तू पुढच्या वर्सी पन खेलशील."

हो म्हणायला जीभ वळेना. मी सांगितलं, मी खोटं बोलणार नाही. ती उठली आणि निघून गेली. मी त्या तांदळात किती खडे ठेवले देव जाणे, रात्री बाबांच्या दाताखाली आले.

रविवारी मंडळाच्या खोलीत सतरंजी अंथरलेली. मारुतीच्या तसबिरीखाली वकीलसाहेब, बाजूला कार्यकारिणी, भिंतीशी सर. सर ताठ बसलेले, धुतलेला सदरा घालून. आम्ही दोघी दाराजवळ. माझ्या मागे बाबा, तिच्या मागे तिचा मामा. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

"बाळ," वकीलसाहेब मला म्हणाले, "सर तुला वडिलांसारखे. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हो ना? हलकीशी चापट होती."

"नाही," मी म्हटलं. "जोरात होती. दुसऱ्या दिवसापर्यंत कान वाजत होता."

खोलीत कुजबुज झाली. बाबांनी मागून माझी बाही ओढली. वकीलसाहेबांचा गोडवा जरा कमी झाला. "बरं, मग काय करायचं म्हणतेस? सरांना फाशी द्यायची?"

सगळे हसले. आता मला अशी चीड आली की भीती कुठल्या कुठे गेली. म्हटलं, "फाशी नको. सरांना काढायलाही नको. त्यांच्यासारखं शिकवणारं ठाण्यात कोणी नाही. पण चिडून कोणावर हात टाकला तर दोन सामने रेषेबाहेर, हा त्यांचाच कायदा आहे. तोच त्यांना लावा. दोन सामने मांडी घालून बसू दे, तोंड मिटून."

काय गोंधळ माजला म्हणून सांगू! एक जण म्हणाला, कार्टी शेफारलीय. दुसरा म्हणाला, मुलींना मैदानात आणलं की हेच होणार, मी आधीच सांगत होतो. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसत होत्या. पण ते बोलले काही नाहीत. वकीलसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. म्हणाले, एवढ्या नाजूक मुलींना खेळ झेपायचा नाही, तेव्हा विभाग बंद करणंच बरं. मग त्यांना काय वाटलं कोणास ठाऊक, कदाचित माझं तोंड कायमचं बंद करायचं असेल. कप्तानाकडे वळून म्हणाले, "तू शहाणी आहेस. तू कप्तान. तूच सांग, हलकी होती ना चापट?"

ती उठली. मी मान खाली घातली. ती काय बोलणार मला माहीत होतं, आणि तिचा रागही येत नव्हता. तिच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच बोलले असते.

ती बोलली नाही. चालत गेली, सतरंजी ओलांडून, थेट भिंतीपाशी, सरांच्या समोर. पदर खोचला आणि गाल पुढे केला.

"सर, मारा," ती म्हणाली. "तशीच मारा. हलकी होती तं मना लागाची नाय. समद्यांना दिसंल."

तिचा मामा अर्धवट उठला आणि तसाच राहिला. सरांनी तिच्याकडे पाहिलं. हात मांडीवर होता तो उचलला नाही.

"मारा ना सर."

"नको," सर म्हणाले. मग वकीलसाहेबांकडे न बघता, खाली बघत म्हणाले, "हलकी नव्हती."

संपलं. यापुढे वकीलसाहेब तरी काय वकिली करणार? मारणाराच म्हणतोय जोरात होती. थोडा वेळ इकडून तिकडे बघणं झालं, घसे खाकरले गेले, आणि ठरलं की मुलींचा विभाग चालू राहील, आणि सर पुढचे दोन सामने रेषेबाहेर बसतील. मी वळून कप्तानाकडे धावले, पण तिचा मामा तिला दंडाला धरून केव्हाच बाहेर घेऊन गेला होता.

बैठकीतच निकाल लागला म्हटल्यावर बाबांनीही मला पुन्हा खेळायला सोडलं, पण दुसऱ्या दिवशी ती मैदानात आली नाही. तिसऱ्या दिवशी मी खोपटला मामाकडे गेले तर मामी म्हणाली, बाप येऊन गावी घेऊन गेला. मी आईच्या मागे लागले. आई बिचारी माझ्याबरोबर कोलशेतपर्यंत चालत आली. कप्तानाच्या वडलांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, चहा दिला, आईशी फार अदबीने बोलले. पण ऐकलं नाही. "पोरगी भर बैठकीत बाप्यांसमोर गाल पुढं करून उभी ऱ्हायली," ते म्हणाले. "सोयऱ्यांच्या कानावर गेलं तं? खेलली तेवढं पुरे." आई म्हणाली, अहो, पण तिने बरोबर केलं. ते म्हणाले, "बरोबर क्येलं, ताई. पन आता नाय."

कप्तान मागच्या अंगणात सुकट निवडत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. आणि रडायला लागले. तिला माझं रडणं कधीच सहन व्हायचं नाही.

"चूप. तुज्यासाठी नाय क्येलं मी," ती म्हणाली. "हलकी बोलाचं म्हनूनच आल्ती. पन त्या वकीलान् इचारलं हलकी होती का, आन् मना मी रेषंबाहेर बसलेली ते आठवलं. मी त्या पोरीला धक्का दिला तवा मना कोनी इचारलं का, हलका होता का जोरात?"

आणि पुन्हा सुकट निवडायला लागली.

सर दोन सामने रेषेबाहेर बसले. मी खोटं सांगणार नाही, पहिला सामना आम्ही असा हरलो की विचारू नका. ना कप्तान, ना सर. सर मांडी घालून बसलेले, मुठी आवळलेल्या, एकदा तर रुमाल तोंडात धरलेला मी पाहिला. पण बोलले नाहीत. दुसरा सामना आम्ही कसाबसा जिंकलो. तिसऱ्याला सर शिट्टी घेऊन मैदानात परत आले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. का नाही वाजवणार? चूक केली, शिक्षा भोगली, फिटलं. त्यानंतर सरांची फोक मी पुन्हा पाहिली नाही. कितीतरी वर्षं ते शिकवत राहिले, आरडाओरडा करत राहिले, पण कोणा मुलीवर हात टाकला नाही. त्यांचा मानही कमी झाला नाही आणि ठाण्यातला खेळही बुडाला नाही.

म्हणून बाकावरच्या मंडळींनी मला सांगू नये की शिक्षा केली तर चांगली माणसं शिकवायचं सोडून देतील. सरांनी सोडलं नाही. दोन सामने बसायला त्यांना जड गेलं, पण ते बसले. तोंड मिटून बसायला जड गेलं नाही ते बाकीच्यांना. पंचांना, वकीलसाहेबांना, कल्याणच्या त्या मैदानातल्या सगळ्या बापांना, आणि हो, माझ्याही बाबांना. त्यांच्यातल्या एकाने जरी तिथल्या तिथे म्हटलं असतं, मास्तर, हे चुकलं, तर काम भागलं असतं. मोठी माणसं गप्प बसली, म्हणून एका पोरीला गाल पुढे करावा लागला.

भात कापून झालं आणि तिचं लग्न झालं. आम्ही सगळ्या गेलो होतो. सरही आले होते. तो हंगाम आम्ही शेवटपर्यंत खेळलो, तिच्यामुळे खेळलो, आणि बैठकीनंतरचा एकही सामना ती खेळली नाही.